भिंतीकडे तोंड करून बसणारे सर

"काय बँक, आज काय ऐकलं?"

‘कसा आहेस’, ‘बरं आहे ना’ असलं काही सरांनी मला कधीच विचारलं नाही. भेटले की हा एकच प्रश्न. मी बँकेत, म्हणून माझं नाव बँक. खालच्या चहावाल्यालाही ते हेच बंगालीत विचारायचे, आणि तो बिचारा रोज त्यांच्यासाठी काहीतरी राखून ठेवायचा: शेजारच्या इमारतीतल्या नवराबायकोचं भांडण, नाहीतर पहाटे ओरडलेला एखादा पक्षी. मी म्हणायचो, "काही नाही हो सर, ट्रॅफिक." त्यावर ते कपाळाला आठ्या घालून म्हणायचे, "ट्रॅफिक आवाज नाही. ट्रॅफिक तक्रार आहे. ट्राम ऐकली की मिनीबसचा कंडक्टर ऐकला? नीट सांग."

हा माणूस माझ्या मुलीला शाळेत नाटक शिकवायचा. त्यांची ती नोकरी माझ्यामुळे गेली. मी नंतर शाळेला दुसरा मेल करून पहिला मागे घेतला, शाळेनं आभार मानले आणि सरांना परत घेतलं नाही. हे आधीच सांगून टाकतो. पुढे सांगतो म्हणालो तर नेहमीसारखा सांगायचा राहीन. माझी आई होती तोवर हे लिहिणं तिला आवडलं नसतं. ती गेल्या वर्षी गेली.

सरांचा जन्म कोलकात्याचा. वडील सरकारी नोकरीत, बदली होऊन इथे आले आणि सर लहान असतानाच वारले. आईनं इथेच राहून मुलाला वाढवलं. म्हणजे त्यांनी मराठी ऐकलं ते फक्त आईच्या तोंडून, त्यामुळे बोलायचेही आईसारखंच. "मी आत्ताच आले." "थांब, मी सांगते." साठीचा, भरदार मिशांचा, उंचापुरा माणूस हे असं बोलायला लागला की नवीन माणूस आधी दचकायचा आणि मग तोंडावर हात धरायचा. आणि आई मुलाशी बोलते ते ‘तू’नं, म्हणून सरांच्या मराठीत ‘तुम्ही’ नव्हतंच. लहानमोठे सगळे ‘तू’.

आमची ओळख मराठी मंडळाच्या गणपतीतली. एका वर्षी मंडळानं त्यांना एकांकिका बसवायला बोलावलं. प्रमुख भूमिकेत खजिनदार काका. पहिल्याच तालमीला सरांनी खुर्ची भिंतीकडे वळवली आणि आमच्याकडे पाठ करून बसले.

"हा मनुष्य माझ्याकडे बघतच नाहीये!" खजिनदार काका भडकले.

"बघायला लोक येणार आहेत," सर भिंतीला म्हणाले. "मी ऐकते. आणखी एकदा."

हे त्यांचं दुसरं वाक्य. ‘छान’, ‘वा’, ‘जमलं’ असं ते कुणालाही म्हणत नसत. ‘आणखी एकदा’ म्हणायचे, आणि ज्या वेळी म्हणत नसत त्या वेळी समजायचं की जमलं.

प्रयोगाच्या संध्याकाळी पडदा वर गेला आणि पाचेक मिनिटांत वीज गेली. जनरेटरवाला कुठे जेवायला गेलेला. मंडळाचे अध्यक्ष फोर्ट विल्यममधून निवृत्त झालेले ब्रिगेडियर. ते पहिल्या रांगेतून उठले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "मंडळी, आजचा कार्यक्रम आपण—"

"तू बस," मागून सर म्हणाले.

ब्रिगेडियर बसले. त्यांना ‘तू बस’ म्हणणारं कुणी त्यांच्या आईनंतर भेटलं नसावं. अंधारात नाटक पुढे सुरू झालं. चेहरे दिसत नसल्यामुळे खजिनदार काका पहिल्यांदाच समोरच्याचं ऐकून मग बोलायला लागले. माझी आई तेव्हा अकोल्याहून आमच्याकडे आली होती. घरी जाताना म्हणाली, "मास्तरांचं नाटक दिसलं नाही काही, पण ऐकू छान आलं हो."

तेव्हापासून आई आमच्याकडे आली की सर रविवारी यायचे. आई थालीपीठं लावायची. सर स्वयंपाकघराच्या दारात मोड्यावर, म्हणजे वेताच्या बुटक्या स्टुलावर, अर्थातच भिंतीकडे तोंड करून बसायचे, आणि म्हणायचे, "तू बोलत राहा. काहीही बोल." एकदा जाताना जिन्यात मला म्हणाले, "हे मराठी माझ्याशी आता कोण बोलते?"

महामारीच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. शाळा बंद, वर्ग पडद्यावर. माझी मुलगी सई अकरावी संपवून बारावीत गेलेली. मी पालकांचा प्रतिनिधी, म्हणून शाळेच्या ऑनलाइन बैठकांना असायचो. वार्षिक समारंभासाठी नाटकाचा व्हिडिओ करायचा असं प्रिन्सिपल मॅडमनी ठरवलेलं: मुलांनी घरीच वेश करायचे, मागे रंगीत चादर, सगळं जोडून एक फिल्म. सरांकडे बटणांचा जुना फोन. बैठकीत त्यांच्या जागी नुसता काळा चौकोन होता. चौकोन इंग्रजीत म्हणाला, "नाटकात एक माणूस बोलतो आणि दुसरा त्याच वेळी ऐकतो. तुम्ही म्हणता ते टपाल आहे."

"मग तुम्ही काय करणार, सर?"

"फोन."

आणि त्यांनी खरंच फोनवरचं नाटक रचायला घेतलं. लिहिलेलं नाटक घ्यायचं नाही, मुलांनीच करायचं. ‘घरात रोज ऐकू येतो आणि ज्याच्यावर कुणीच बोलत नाही, असा एक आवाज शोधा,’ एवढंच त्यांनी मुलांना सांगितलं. त्या आवाजावर प्रत्येकानं आपला प्रवेश रचायचा. संध्याकाळी सात वाजता एक मूल एका श्रोत्याला फोन लावणार, त्याच्या भाषेत आपला प्रवेश करून दाखवणार, सर तिसऱ्या बाजूनं गप्प ऐकणार. श्रोत्यानं मध्ये बोलायचं नाही. शेवटी मूल विचारणार, आज काय ऐकलं? आणि श्रोत्यानं उत्तर द्यायचंच. एका मुलानं वडिलांचा आवाज धरला होता. वडील न्यू टाउनमधल्या कंपनीत होते, नोकरी गेली होती, पण रोज सकाळी दार लावून लॅपटॉपसमोर ‘हॅलो, माझा आवाज येतोय ना?’ म्हणायचे. पलीकडे कुणी नसायचं.

सईनं हे मला हसत सांगितलं, आणि मग एकदम हसायची थांबली. मी विचारलं नाही, तुझा आवाज कुठला.

आमच्या घरात तेव्हा काय चाललं होतं ते आता सांगतो. आई आदल्या हिवाळ्यात गुडघ्यांसाठी इकडे आली होती ती अडकली. आणि त्या एप्रिलमध्ये अकोल्याला माझा मोठा भाऊ गेला. दादाला दवाखान्यात नेल्याचंही आईला माहीत नव्हतं. मी शाखेतून परत येत होतो, रस्त्यात पुतण्याचा फोन आला. मी घराखाली बराच वेळ उभा राहिलो आणि वर जाऊन बायकोला म्हणालो, "आईला आत्ता नको. तिचं हृदय आधीच तसलं. गाड्या सुरू होऊ देत, मग बघू."

मग बघू म्हणता म्हणता महिना उलटला. आई विचारायची, "दादाचा फोन?" मी म्हणायचो, "तू झोपली होतीस, तेव्हा येऊन गेला." बायको म्हणायची, "रेंज नसते हो त्यांच्याकडे." सुतक पाळावं तर आईला कळणार, म्हणून मी दाढी केली, देवाला नमस्कार केला, अक्षय्य तृतीयेला आईनं रांधलेली पुरणपोळी आणि आमरस जेवलो. आई रोज सकाळी आंघोळ करून पूजेला बसत होती, सुतकात, न कळता. आयुष्यभर ज्या बाईनं सोवळ्याओवळ्यातलं इकडचं तिकडे होऊ दिलं नाही, तिच्या हातून आम्ही हे घडवत होतो. तिची घंटी वाजली की आम्ही तिघंही असू तिथे थांबायचो. कुणी काही बोलत नव्हतं.

वहिनी एकदा मला फोनवर म्हणाल्या, "भाऊजी, आईंना सांगा ना. मला त्यांच्याजवळ रडायचंय." मी म्हणालो, "हो, हो, सांगतोच." आणि इकडे आई वहिनींवरच रागावलेली. "मोठीला एक फोन करता येत नाही. आणि मास्तर? त्यांनाही काय झालं?"

मास्तरांना मीच बोललो होतो. आईशी बोलताना दादाचं काढू नका, म्हणून. ते म्हणाले, "मग मी फोनच करत नाही. मी मुलांना शिकवते, पण मी नट नाही."

एका संध्याकाळी गॅलरीत सईची तालीम माझ्या कानावर पडली. इंग्रजीतच बोलत होती, पण त्यात ‘घंटी’ हा शब्द मराठी होता. आई आत होती. मी लगेच सरांना फोन लावला.

"सर, सईचा प्रवेश काढा."

"का?"

"घरातल्या गोष्टी आहेत त्या. खाजगी."

"बोलायचं की नाही ते ती ठरवेल. तू ऐकायचं की नाही ते तू ठरव."

"ती लहान आहे हो!"

"घरी तिला रोज खोटं बोलायला लावतोस तेव्हा लहान नसते?"

मी फोन ठेवला. त्याच रागात शाळेला मेल लिहिला. इंग्रजी माझं कार्यालयीन आहे, आणि त्या दिवशी ते फार चांगलं उतरलं. नाटकाच्या नावाखाली अल्पवयीन विद्यार्थ्यांकडून कुटुंबांची खाजगी माहिती काढून घेतली जाते, पालकांमध्ये अस्वस्थता आहे, योग्य ती दखल घ्यावी. खाली सही पालक प्रतिनिधी म्हणून. पालकांमध्ये अस्वस्थता म्हणजे माझी एकट्याची. मी दुसऱ्या एकाही पालकाला विचारलं नव्हतं.

शाळेनं सरांना नाटक थांबवायला सांगितलं. ते नाही म्हणाले. त्यांचा करार दरवर्षी नवा व्हायचा. त्या वर्षी झाला नाही.

सईला कळलं. ती ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. जेवताना ती शांतपणे म्हणाली, "नाटक होणार आहे, बाबा. सर म्हणाले, शाळेनं वर्ग बंद केला, फोन कुठे शाळेचा आहे?"

"आणि बाकीची मुलं?"

"सगळी आहेत. तो न्यू टाउनवाला तर आधी त्याच्या बाबांनाच ऐकवणार आहे. पहिला श्रोता आपण निवडायचा असतो."

"तू कुणाला निवडलंयस?"

तिनं ताट उचललं आणि ती आत गेली.

दोन-तीन दिवसांनी संध्याकाळी सातला माझा मोबाइल वाजला. आई तिच्या खोलीत टीव्ही बघत होती. पडद्यावर सईचं नाव. ती गच्चीवर गेली होती.

"सर लाइनवर आहेत. बोलायचं नाही बाबा, ऐकायचं."

आणि मग तिचा आवाज बदलला. मोठा झाला नाही, जवळ आला.

"एका घरात एक म्हातारी बाई रोज सकाळी देवांना आंघोळ घालते आणि घंटी वाजवते. घंटी वाजली की घरातली एक बाई गॅस बारीक करते. एक माणूस दाढी करायची थांबतो. एक मुलगी श्वास घेत नाही. या घरात सगळ्यांचं पाठांतर चोख आहे. माणसाचं वाक्य आहे, तू झोपली होतीस. बाईचं वाक्य आहे, रेंज नसते. मुलीला वाक्य दिलेलं नाही, तिनं फक्त हसायचं आहे. घरात सगळे नाटक करतात. म्हातारी बाई तेवढी नाटकात नाही. ती एकटीच खरी घंटी वाजवते..."

आणखीही होतं. त्यात दादाचं नाव कुठेही नव्हतं. शेवटी ती थांबली आणि म्हणाली, "आज काय ऐकलंत?"

मी तोंड उघडलं. दुसऱ्या बाजूनं सरांचा श्वास ऐकू येत होता. मी फोन कापला.

थोड्या वेळानं सई खाली आली, माठातलं पाणी प्याली आणि माझ्यासमोरून आपल्या खोलीत गेली. माझ्याकडे रागानं बघितलं असतं तरी चाललं असतं. तिनं बघितलं ते वाट बघितल्यासारखं.

सकाळी उठल्या उठल्या मी मास्क लावून निघालो. सर लेक मार्केटच्या मागच्या गल्लीत राहत. दार उघडंच होतं. त्यांनी मला पाहिलं, मोडा ओढला आणि माझ्याकडे पाठ करून भिंतीशी बसले. मी उंबऱ्यातच उभा.

"सर, तो मेल मीच—"

"माहितेय. मॅडमनी वाचून दाखवला. त्यात सगळं होतं बँक, दादा गेला एवढं सोडून. ते बोल."

"काय?"

"तेच बोल. मी ऐकते."

"दादा गेला."

"हे तू काउंटरवर बोलतोस तसं झालं. आणखी एकदा."

"दादा गेला."

"घाई केलीस. बोलून सुटायचंय तुला. आणखी एकदा."

मी पुन्हा म्हणालो. त्यांनी मान हलवली. "कुणाला सांगतोस? भिंतीला? भिंतीला कुणी गेलेलं नाही. आधी तिला हाक मार."

"आई..." म्हणालो, आणि पुढचं येईना. दादा गेल्यापासून मी रडलो नव्हतो. घरी सोय नव्हती. त्या उंबऱ्यात, मास्कच्या आत, नाक वाहत, मी एखाद्या पोरासारखा रडलो. सर वळले नाहीत. उठलेही नाहीत. माझं रडणं संपेपर्यंत भिंतीकडे बघत राहिले आणि मग तितक्याच कोरडेपणानं म्हणाले, "आणखी एकदा."

"आई, दादा गेला."

ते काहीच बोलले नाहीत. मी वाट बघत राहिलो.

"आता इथे काय उभा राहतोस? जा. तिची घंटी वाजायच्या आत पोच."

मी धावत गेलो. या वयात, या पोटानं, तोंडावर मास्क लावून. चहावाल्यानं काहीतरी विचारलं, मी थांबलो नाही. घरात शिरलो तेव्हा आई आंघोळ करून देवघरापुढे बसलेली, ताम्हनात देव काढत होती. बायको ओट्याशी. सई खोलीच्या दारात.

"आई."

तिनं वर पाहिलं. मी सांगितलं. जसं सरांसमोर शेवटच्या वेळी जमलं होतं तसं.

तिच्या हातात बाळकृष्ण होता. तो तिनं हळूच ताम्हनात ठेवला आणि हात मागे घेतला, चटका बसावा तसा.

"कधी?"

मी सांगितलं.

"म्हणजे अक्षय्य तृतीयेला..."

"नव्हता."

"आणि तू माझ्या हातची पुरणपोळी खाल्लीस."

मी मान खाली घातली.

"रोज देवाला शिवत होते मी," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "माझं लेकरू गेलं, आणि मी रोज फुलं वाहत होते. तुम्ही वाहू दिलीत. अरे, माझा मुलगा गेला त्याचं सुतकसुद्धा तुम्ही मला पाळू दिलं नाहीत."

तिचं हृदय थांबलं नाही. ती भिंतीला धरून उठली. आम्ही पुढे झालो तर हातानंच दूर केलं. "पाणी काढ. डोक्यावरून आंघोळ करायची आहे. दहा दिवस उलटल्यावर कळलं तर तीन दिवस पाळायचं असतं. आणि मोठीला फोन लाव. मी आंघोळ करून आले की लगेच हवा."

तिच्या खोलीचं दार लागलं आणि आतून दोघींचा आवाज येत राहिला. वहिनींचा फोनमधून आणि आईचा. त्या दिवशी घरात दुसरा कुठलाच आवाज नव्हता. देव तसेच ताम्हनात होते. बायकोनं शेजारच्या बाईंना बोलावून ते देव्हाऱ्यात ठेवून घेतले. आई माझ्याशी बोलली नाही. सईशी बोलली. संध्याकाळी तिला जवळ बसवून तिच्या पाठीवरून हात फिरवत होती, आणि सई, जिला घरात फक्त हसायचं होतं, ती रडत होती.

सात वाजता फोन आला.

"काय बँक, आज काय ऐकलं?"

"आज घंटी वाजली नाही, सर."

"जेवली?"

"भात खाल्ला थोडा."

"मी उद्या येते."

दुसऱ्या दिवशी दुपारी ते आले. शेजार सोडला तर तेव्हा कुणी कुणाच्या घरात जात नव्हतं. ते जिन्यातच थांबले, आमच्या उघड्या दारासमोरच्या पायरीवर बसले, तोंड जिन्याच्या भिंतीकडे. आई आत दाराजवळ खुर्ची घेऊन बसली. त्यांनी सांत्वनाचं एकही वाक्य उच्चारलं नाही. "तू बोल," एवढंच म्हणाले.

आई बोलायला लागली. दादा लहानपणी अकोल्याच्या उन्हात अनवाणी पळायचा ते, शाळेच्या डब्यातली पोळी कुत्र्याला घालून घरी भूक भूक करायचा ते, माझा जन्म झाला तेव्हा ‘याला परत देऊन ये’ म्हणाला होता ते. ते मला ठाऊक नव्हतं. मी आतल्या खोलीत उभा राहून ऐकत होतो. वरचे बिऱ्हाडकरू जिना उतरताना या भिंतीकडे तोंड केलेल्या माणसाकडे बघत, अंग चोरून पलीकडून जात होते.

ऊन उतरलं. आईचा आवाज बसला. ती थांबली आणि म्हणाली, "झालं बाई. आता काही आठवत नाही."

सर भिंतीकडे बघतच म्हणाले, "तो कुत्र्याला पोळी द्यायचा ते. आणखी एकदा."

आईनं डोळे पुसले, पदर सारखा केला आणि पुन्हा सांगायला लागली.